ग्रंथालयातून घरी न्यायचे लॅपटॉप, जुने की नवे? प्रकल्प नोंदी

३ जून २०२५

काम असं: तालुक्याच्या गावच्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात सहा लॅपटॉप ठेवायचे. नववी ते बारावीच्या मुलांनी पुस्तकासारखे ते आठवड्यापुरते घरी न्यायचे आणि परत आणून द्यायचे. एकूण रक्कम ₹१,५०,०००, म्हणजे एका यंत्रामागे ₹२५,०००. त्यातच बॅग, चार्जर आणि पहिल्या वर्षाची दुरुस्तीही बसवायची आहे.

या पैशात दोन वाटा आहेत. एक, दुकानातला अगदी खालच्या किमतीचा कोरा लॅपटॉप. दुसरी, कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेला आणि मूळ किंमत याच्या तिप्पट-चौपट असलेला रिफर्बिश्ड लॅपटॉप. शाळेच्या समितीत बहुतेकांचा कल नव्याकडे आहे आणि त्याचं कारण रास्त आहे: वॉरंटी. म्हणून दोन्ही समोरासमोर ठेवून, मुलांचं खरं काम त्यांवर करून पाहायचं ठरलं.

५ जून

आधी कामाची यादी केली, कारण "शाळेचा अभ्यास" एवढ्यावरून यंत्र निवडता येत नाही.

रोजचं काम म्हणजे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ, ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब, मराठी-इंग्रजी प्रकल्प अहवाल, सादरीकरण, गणिताच्या आकृत्यांचं जिओजेब्रा, कोडिंग शिकवणारं स्क्रॅच. अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान घेतलेल्यांना एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी लागतं. पीएचपी चालवायला यंत्रावरच सर्व्हर लागतो, म्हणजे झॅम्प हे सॉफ्टवेअर. पायथन शिकणारेही आहेत. अधूनमधून ऑनलाइन तास, त्यात कॅमेरा चालू आणि बाजूला वही म्हणून दुसरी खिडकी उघडी. गेम, व्हिडिओ संपादन, त्रिमिती आराखडे यांची गरज नाही, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड हा मुद्दाच निकाली निघतो.

यातलं सगळ्यात जड काम कोडिंग नाही. जड आहे तो ऑनलाइन तास. कॅमेऱ्याचं चित्र आकुंचित करून पाठवणं, समोरून येणारी चित्रं उलगडणं आणि त्याच वेळी ब्राउझर सांभाळणं हे तिन्ही एकदम येतं. पायथनचा शाळेतला प्रोग्रॅम कुठल्याही यंत्रावर पळतो. म्हणून कस लावायचा तो ऑनलाइन तासावर.

किमान अटी अशा धरल्या: विंडोज ११ अधिकृतपणे चाललं पाहिजे, रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा) ८ जीबी आणि पुढे वाढवता येणारी, साठवण २५६ जीबी एसएसडी (फाइली ठेवणारी चिपची डिस्क) आणि तीही बदलता येणारी, पडदा १९२० × १०८० ठिपक्यांचा. पडद्याची अट कुणी फारशी धरत नाही, पण १३६६ × ७६८ च्या पडद्यावर पीडीएफ आणि वही शेजारी ठेवली की दोन्ही वाचवत नाहीत.

९ जून

नव्यांची कोटेशनं आली. ₹२२,००० ते ₹२६,००० मध्ये जे मिळतं त्यात प्रोसेसर बहुधा सेलेरॉन एन४०२० किंवा एन४५००. दोन्हींत दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), दोनच थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), ६ वॅटची चिप. एन४०२० हा २०१९ चा, एन४५०० हा २०२१ चा. म्हणजे खोका २०२५ चा असला तरी आतली चिप २०१९ ची असू शकते. खोक्यावरचं वर्ष पाहून यंत्र "नवीन" म्हणणं इथेच फसतं.

साठवणीकडे नीट बघायला हवं. काही कोटेशनांत "१२८ जीबी" एवढंच लिहिलंय. विचारल्यावर कळलं की ती ईएमएमसी आहे, म्हणजे मदरबोर्डवर (यंत्राच्या मुख्य बोर्डावर) सोल्डर केलेली साठवण. तिची कमाल गती कागदावर सेकंदाला ४०० एमबी, साध्या साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) एसएसडीची साधारण ५५०. पण खरा तोटा गतीचा नाही, ती बदलता येत नाही हा आहे. ती गेली की मदरबोर्ड गेला. ६४ जीबीची ईएमएमसी तर पाहूच नये. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबी आहे, त्यामुळे वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या अपडेटला जागा उरत नाही, अपडेट अर्ध्यावर थांबतं आणि यंत्र रोज त्याच अपडेटशी झगडत बसतं.

रॅमबद्दल दुकानदाराला विचारायचा प्रश्न "किती आहे" हा नाही. "जादा पट्टी बसवायला खाच आहे का आणि ती रिकामी आहे का" हा आहे. एका कोटेशनमध्ये ४ जीबी सोल्डर केलेली आहे आणि खाच नाही. ते यंत्र आजच बाद.

या गटातलं सगळ्यात बरं निघालं ते एन४५००, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीची) एसएसडी, १५.६ इंची पडदा, ४१ वॅट-तासांची बॅटरी, एक वर्ष वॉरंटी, ₹२५,४००. चाचणीसाठी हेच मागवलं.

एन१०० चिपवाले लॅपटॉपही पाहिले. ती २०२३ ची, चार कोअरची, आणि एन४५०० पेक्षा फार सरस आहे. पण चांगला पडदा आणि बदलता येणारी एसएसडी या दोन्ही अटींसह ₹२५,००० च्या आत एकही कोटेशन आलं नाही.

१२ जून

जुन्यांसाठी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून आणि पुण्याहून भाव घेतले. व्यवसायासाठी बनलेल्या तीन मालिका सगळीकडे मिळतात: लेनोव्हो थिंकपॅड टी मालिका, डेल लॅटिट्यूड ७००० मालिका आणि एचपी एलिटबुक ८४०.

रेघ कुठे ओढायची हे स्पष्ट आहे: इंटेलची आठवी पिढी. त्याला दोन कारणं. पहिलं, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सातव्या पिढीपर्यंत या वर्गातल्या आय५ ला, म्हणजे इंटेलच्या मधल्या दर्जाच्या प्रोसेसरला, दोनच कोअर होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या आठव्या पिढीत, त्याच १५ वॅटमध्ये, चार कोअर आणि आठ थ्रेड झाले. आय५-७२००यू आणि आय५-८२५०यू या नावांत दोनच आकड्यांचा फरक दिसतो, पण कामात तो मोठा आहे.

बाजारात नेमकी इथेच गफलत होते. थिंकपॅड टी४७० आणि टी४८० बाहेरून जवळपास सारखे दिसतात. एलिटबुक ८४० जी४ सातव्या पिढीचा, जी५ आठव्या पिढीचा, असं सगळे सांगतात आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण टी४८० आणि ८४० जी५ ही दोन्ही मॉडेलं सातव्या पिढीच्या आय५-७२००यू आणि ७३००यू सहही विकली गेली होती. म्हणून मॉडेलच्या नावावर व्यवहार करायचा नाही. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक बिलावर लिहून घ्यायचा आणि यंत्र सुरू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) तो स्वतः वाचायचा. तळहाताजवळ चिकटवलेल्या स्टिकरवर विसंबू नये, स्टिकर सुटे मिळतात.

टी४८०, आय५-८३५०यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, १९२० × १०८० आयपीएस (बाजूने पाहिलं तरी नीट दिसणारा) पडदा: ₹१९,५००, जीएसटी धरून, दुकानदाराची सहा महिन्यांची हमी. लॅटिट्यूड ७४९० आणि ८४० जी५ यांचे भाव हजार-दीड हजार इकडे-तिकडे. टी४८० घेताना पडदा वेगळा तपासायचा, कारण हे मॉडेल १३६६ × ७६८ च्या पडद्यातही येत असे आणि स्वस्तातले तुकडे हमखास तेच असतात.

१७ जून

दोन्ही यंत्रं टेबलावर. चाचणी न्याय्य व्हावी म्हणून दोन्हींवर विंडोज ११ नव्याने टाकलं, सगळी अपडेटं होऊ दिली आणि त्यानंतर तासभर नुसतं चालू ठेवलं. नव्याने टाकलेलं विंडोज पहिला काही वेळ मागे फाइलींची सूची करत असतं. त्या वेळात घेतलेली कुठलीही मोजणी खोटी निघते, आणि दुबळ्या प्रोसेसरची तर फारच.

एकेक काम वेगळं केलं तर नवं यंत्र अजिबात वाईट नाही. लिब्रेऑफिसमध्ये लिहिणं, पीडीएफ वाचणं, स्क्रॅच, पायथन सगळं होतं. एनव्हीएमई एसएसडीमुळे सुरूही पटकन होतं. दुकानात दाखवतात ते एवढंच, म्हणून दुकानात ते छान वाटतं.

ऑनलाइन तास सुरू करून कॅमेरा लावला, शेजारी अहवाल उघडला आणि तिसरा टॅब उघडला, तिथे चित्र बदललं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ९० ते १०० टक्क्यांवर चिकटून बसला, टाइप केलेली अक्षरं मागाहून उमटू लागली, समोरच्याचा आवाज तुटला. या वेळी रॅम मात्र पुरेशी मोकळी होती. म्हणजे यात रॅम वाढवून काही साधणार नाही. दोन कोअरांवर तीन कामं आली आहेत, एवढंच आहे ते. जुन्या यंत्रावर हेच काम चाललं असताना प्रोसेसर अर्ध्याच्या आतबाहेर राहिला आणि पंख्याचा आवाज येऊ लागला.

व्हिडिओबद्दल एक बारकावा. यूट्यूब आता बरेच व्हिडिओ एव्ही१ या आकुंचन पद्धतीने पाठवतं. आय५-८३५०यू आणि एन४५०० या दोन्हींत एव्ही१ उलगडणारा वेगळा भाग चिपवर नाही, म्हणून ते काम प्रोसेसरलाच करावं लागतं. आठव्या पिढीचा आय५ हे १०८० ला सहज पेलतो. एन४५०० वर चित्र अडखळतं, तिथे ७२० निवडावं.

सर्वसाधारण मोजमापांत आय५-८२५०यू आणि त्याचा भाऊ ८३५०यू हे एन४५०० च्या साधारण तिप्पट ताकदीचे येतात, आणि टेबलावरही तेच दिसलं.

नव्याची खरी बाजू बॅटरीची आणि शांततेची. ६ वॅटची चिप असल्याने हलक्या कामाला सगळं यंत्र मिळून ५ वॅटच्या आसपास खातं, म्हणजे ४१ वॅट-तासांवर आठ तासांपर्यंत जाता येतं. आवाज जवळपास नाही. ज्या घरात दिवसाला चार-चार तास वीज जाते तिथे हा लहान फायदा नव्हे.

मराठी टायपिंगला दोन्ही सारखेच, इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक विंडोजमध्येच आहे. लिब्रेऑफिसमध्ये मात्र भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" च्या रकान्यात मराठी निवडावी लागते. नाहीतर शुद्धलेखन तपासणी देवनागरीला हिंदी समजते आणि अर्धं पान लाल रेघांनी भरतं.

२० जून

जुन्या यंत्राची तपासणी. सहाच्या सहा यंत्रं याच क्रमाने पाहायची आहेत, म्हणून सविस्तर लिहून ठेवत आहोत. हमी कितीही असो, खालच्यांपैकी पहिल्या दोन गोष्टींत अडकलेलं यंत्र घेऊच नये.

*बायोसचा पासवर्ड.* यंत्र सुरू होताना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबून बायोसमध्ये शिरायचं. पासवर्ड मागितला आणि दुकानदाराकडे तो नसेल तर यंत्र परत. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असतो. आतली नाण्याएवढी बॅटरी काढून तो पुसला जात नाही.

*जुन्या कंपनीची नोंद.* कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट नोंदीत घालतात. यंत्र विकताना ती नोंद काढायची राहून गेली की विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडताच पडद्यावर त्या कंपनीचं नाव येतं आणि तिथल्या खात्याने लॉगिन करायला सांगितलं जातं. दुकानात यंत्र आधीच सुरू करून ठेवलेलं असतं, म्हणून हे दिसत नाही. दुकानदारासमोरच विंडोज रीसेट करायला लावायचं आणि सुरुवातीच्या पायरीला वायफाय जोडून पाहायचं. अर्धा-पाऊण तास जातो, पण हा वेळ वाचवू नये.

*बॅटरी.* कमांड प्रॉम्प्टमध्ये "पॉवरसीएफजी", मग जागा सोडून तिरकी रेघ आणि "बॅटरीरिपोर्ट" अशी आज्ञा (powercfg /batteryreport) दिली की एक पान तयार होतं. त्यात दोन आकडे पाहायचे: मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता. दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. ७० टक्क्यांच्या वर ठीक, ६० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्यायचे. टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, आत २४ वॅट-तासांची आणि मागे खटक्याने निघणारी, त्यामुळे दोघींचे आकडे वेगवेगळे येतात. पाहिलेल्या यंत्रात आतली १९ आणि बाहेरची १७ आली, मिळून ३६. हलक्या कामाला ६ वॅट धरले तर सहा तास. बाहेरची बॅटरी ७२ वॅट-तासांचीही मिळते. ती लावली की यंत्र जड होतं, मागून थोडं उचललं जातं, पण दिवस सहज निघतो. बाहेरची बॅटरी चालू यंत्रातून काढून दुसरी लावता येते, आतली तेवढा वेळ सांभाळते. आजच्या कुठल्याही स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये ही सोय नाही.

*एसएसडी.* क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर चालवून आरोग्याचा टक्का आणि एकूण चाललेले तास पाहायचे. तास जास्त असण्याचं वाईट वाटून घेऊ नये, टक्का घसरलेला असेल तर मात्र बदलून मागावी. काही वेळा अनोळखी नावाची स्वस्त एसएसडी घातलेली असते. ५ जीबीची एक फाइल कॉपी करून पाहिली की ती ओळखू येते: सुरुवातीला पळते आणि मध्येच सेकंदाला ३०-४० एमबीवर येऊन रांगते.

*उष्णता.* एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान लावून दहा मिनिटं प्रोसेसरवर पूर्ण भार द्यायचा. ९० अंशांच्या पुढे जाऊन लगेच गती घटत असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली आहे किंवा पंख्याच्या जाळीत धूळ बसली आहे. पेस्ट बदलणं हे पाऊण तासाचं काम आहे, त्यासाठी यंत्र नाकारू नये. गती घटलेल्या यंत्राला लोक "जुना झाला" म्हणतात, तेव्हा खरं कारण बरेचदा एवढंच असतं.

*चार्जर.* लॅटिट्यूड ७४९० च्या मूळ चार्जरच्या पिनेत मध्ये एक बारीक तार असते. तीतून यंत्र चार्जर ओळखतं. नकली चार्जरमध्ये ती नसली की "अनोळखी अडॅप्टर" असा इशारा येतो, यंत्र चालतं पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरची गतीही कमी ठेवली जाते. टी४८० यूएसबी-सी वर चालतो, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर, म्हणजे ६५ वॅट. मोबाइलच्या चार्जरवर तो भरेल ही अपेक्षा ठेवू नये.

शेवटी बिजागरी, कळा, पोर्ट, कॅमेरा, पांढऱ्या पडद्यावर डाग. कॅमेरा जुन्यात ७२० चाच आहे आणि तो फिकाच दिसतो. नव्यातलाही तसाच निघाला, त्यामुळे इथे बरोबरी.

२६ जून

विंडोज १० ला सुरक्षा अपडेटं मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपते. मायक्रोसॉफ्टने याच आठवड्यात जाहीर केलं की घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेटं आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, घेता येतील आणि त्यासाठी पैसे न भरण्याचाही मार्ग आहे.

समितीतून लगेच प्रश्न आला: मग सहाव्या-सातव्या पिढीचे ₹१३,००० चे लॅपटॉप घेऊन पैसे का वाचवू नयेत? उत्तर नाही असंच द्यावं लागलं. ही सवलत आधीपासून घरात असलेल्या यंत्रांना श्वास घ्यायला ठीक आहे. नव्या खरेदीला एका वर्षाची मुदत हा पाया होऊ शकत नाही. जुगाड करून विंडोज ११ त्यांवर बसवता येतं हे खरं, पण अधिकृत यादीबाहेरच्या यंत्राला पुढची अपडेटं मिळतील याची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. मुलांच्या हातातलं, वेगवेगळ्या घरांच्या वायफायला जोडलं जाणारं यंत्र तसं ठेवू नये.

ज्यांच्या घरी असं यंत्र आधीच आहे त्यांच्यासाठी मात्र लिनक्स मिंट २२ हा उत्तम मार्ग आहे. त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेटं मिळतील, लिब्रेऑफिस आणि पायथन त्यात येतातच, पीएचपी आणि डेटाबेस टाकता येतात, देवनागरी चालते. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर सातव्या पिढीचं यंत्र शाळेच्या कामाला आणखी काही वर्षं खुशाल वापरावं. हार्ड डिस्क असेल तर आधी ती काढून साटा एसएसडी घालावी, त्याशिवाय बाकी काहीही करून उपयोग नाही.

२ जुलै

निर्णय: सहाही यंत्रं थिंकपॅड टी४८०, सगळी एकाच प्रोसेसरची, आय५-८३५०यू.

चाचणीत ते सरस ठरलं हे एक कारण. पण ग्रंथालयातून फिरणाऱ्या यंत्रांसाठी त्याहून मोठं कारण दुरुस्तीचं आहे. रॅमच्या दोन खाचा, साधी अडीच इंची साटा एसएसडी, बाहेरून निघणारी बॅटरी, सुटा मिळणारा कळफलक, आणि त्या कळफलकाखाली सांडलेलं पाणी खाली काढून देणाऱ्या नळ्या. चहा सांडणारच आहे हे धरून चालायला हवं. सहा यंत्रं एकसारखी असली की चार्जर, बॅटरी आणि रॅमच्या पट्ट्या आपापसांत चालतात, आणि एखादं कायमचं बंद पडलं तर ते उरलेल्या पाचांसाठी सुट्या भागांचं कपाट होतं. नव्यात वर्षभर वॉरंटी आहे, पण वॉरंटीत पडणं आणि सांडणं बसत नाही, आणि मुलांच्या हातून होतं ते हेच.

तीन मॉडेलांत टी४८० का: बाहेरची बॅटरी, आणि यूएसबी-सी चार्जर जो यूएसबी-सी वर चालणाऱ्या पुढच्या यंत्रालाही उपयोगी पडेल.

हिशेब: यंत्र ₹१९,५०० आणि ८ जीबीची आणखी एक पट्टी ₹१,५००, म्हणजे ₹२१,०००. सहांचे ₹१,२६,०००. उरले ₹२४,०००. त्यातून ७२ वॅट-तासांच्या तीन बॅटऱ्या ₹८,४००, दोन जादा चार्जर ₹२,४००, सहा बॅगा ₹४,२००. शिल्लक ₹९,००० दुरुस्तीसाठी बाजूला.

तीनच बॅटऱ्या, कारण आधी पाहायचं की कोणत्या यंत्रांची गरज खरी आहे. लांबच्या वाड्यांवरून येणाऱ्या, वीज भरवशाची नसलेल्या मुलांना मोठ्या बॅटरीची यंत्रं पहिली द्यायची.

८ जुलै

यंत्रं आली. २० जूनच्या क्रमाने तपासणी केली. पाच बरोबर, एक परत, कारण त्याचा पडदा १३६६ × ७६८ चा होता. दुकानदाराने बिनवाद बदलून दिलं. बिलावर पडद्याचा आकडा लिहून घेतला होता म्हणून ते सोपं गेलं.

रॅम घालण्याची पद्धत, पुढे ग्रंथालयातल्या कुणालाही करता यावी म्हणून: चार्जर काढा. बायोसमध्ये "कॉन्फिग", मग "पॉवर", मग "डिसेबल बिल्ट-इन बॅटरी" निवडा, यंत्र बंद होईल. ही पायरी टाळून उघडलं तर आतल्या बॅटरीचा प्रवाह बोर्डावर चालूच असतो आणि पट्टी घालताना काही तरी जळू शकतं. मग बाहेरची बॅटरी काढा, खालच्या झाकणाचे स्क्रू सैल करा. ते पूर्ण निघत नाहीत, झाकणातच अडकून राहतात, म्हणून ओढू नका. झाकण बिजागरीच्या बाजूने प्लास्टिकच्या पट्टीने हळू सोडवा. रॅमची पट्टी तिरकी खाचेत घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंना खटका बसतो. पुन्हा चार्जर जोडल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पट्ट्या ३२०० गतीच्या आल्या आहेत. हा प्रोसेसर त्या २४०० वरच चालवतो. तेवढ्यासाठी २४०० ची महाग पट्टी शोधत बसू नये. दोन्ही खाचा भरल्या की दोन वाहिन्यांनी काम होतं आणि त्याचा फायदा आतल्या ग्राफिक्सला, म्हणजे व्हिडिओलाच, मिळतो.

दोन यंत्रं तापत होती. पंखा काढून जाळी स्वच्छ केली, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. भार असताना गती आता टिकते.

१४ जुलै

विंडोज घालण्याआधी बायोस मूळ स्थितीला आणलं, विंडोज ११ ला लागणाऱ्या सिक्युअर बूट आणि सिक्युरिटी चिप या दोन सुरक्षा सोयी चालू केल्या. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज ११. परवान्याची कळ बायोसमध्येच असते, त्यामुळे विंडोज प्रो निवडलं की इंटरनेट लागताच आपोआप सक्रिय होतं. सहापैकी कुणालाही वेगळी कळ लागली नाही.

यानंतर टी४८० साठी एक काम अत्यावश्यक आहे: थंडरबोल्टचं, म्हणजे वेगवान यूएसबी-सी पोर्टचं, फर्मवेअर (त्याच्या चिपमधलं आतलं सॉफ्टवेअर) बदलणं. या मॉडेलच्या जुन्या फर्मवेअरमध्ये दोष आहे, कालांतराने ते पोर्ट निकामी होतं, त्यावरून चार्जिंग आणि बाहेरचा पडदा बंद पडतो. लेनोव्होने स्वतः दुरुस्त फर्मवेअर काढलं आहे आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर किंवा व्हँटेज अॅपमधून मिळतं. हे करताना चार्जर लावलेला असावा, बॅटरी भरलेली असावी आणि मध्ये कुणीही यंत्राला हात लावू नये. बायोसचं अपडेट त्यानंतर.

व्हँटेजमध्येच चार्जिंगची मर्यादा ठरवता येते. ग्रंथालयात पडून असतील तेव्हा ८० टक्के, घरी नेताना १००. कपाटात महिनोन्‌महिने १०० टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी लवकर फुगते.

प्रत्येक यंत्रावर मुलासाठी साधं खातं, व्यवस्थापकाचं वेगळं. परत आल्यावर मुलाचं खातं पुसून नवं करायचं, म्हणजे एकाच्या फाइली दुसऱ्याला दिसत नाहीत आणि ब्राउझरमध्ये राहिलेले पासवर्डही जातात.

१९ जुलै

पालकांचे प्रश्न येत आहेत: आम्हीही हेच घ्यावं का? सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही.

₹२५,००० पर्यंत मर्यादा असेल आणि गावात किंवा नात्यात स्क्रूड्रायव्हर हाती धरणारं कुणी असेल तर आठव्या पिढीचं रिफर्बिश्ड, वरच्या तपासणीसह. ₹३५,००० च्या आसपास जाता येत असेल तर नवं घ्यावं, आय३-१२१५यू चं. ते या जुन्यांपेक्षा स्पष्टपणे वेगवान आहे, एव्ही१ चिपवरच उलगडतं, बॅटरी कोरी असते आणि वॉरंटी मिळते. फक्त रॅमची खाच रिकामी आहे का ते विचारावं. अकरावीत गेलेल्या आणि पुढे अभियांत्रिकीला जाण्याचा विचार असलेल्या मुलासाठी आत्ताच मोठा खर्च करू नये. तिथे लागणारं यंत्र शाखेवर ठरतं, दोन वर्षं जुन्यावर काढून तेव्हा घ्यावं. दोन-तीन भावंडांत एकच यंत्र असेल आणि सगळ्यांचे ऑनलाइन तास असतील तर सेलेरॉन कितीही नवा असो, घेऊ नये. सातवी-आठवीच्या मुलाला फक्त वाचायला आणि टाइप करायला हवं असेल, वीज वारंवार जात असेल आणि दुरुस्तीवाला जवळ नसेल, तर मात्र तोच एन४५०० चा नवा लॅपटॉप योग्य आहे. एनव्हीएमई एसएसडी आणि ८ जीबी रॅम असलेलाच घ्यावा.

तपासणीचा क्रम एका पानावर छापून ग्रंथालयाच्या खिडकीत ठेवला आहे, दुकानात नेता यावा म्हणून. बॅटरीचे आजचे आकडे यंत्राच्या क्रमांकासह नोंदवहीत लिहिले आहेत, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा घ्यायचे.